बॉस्को आणि उंबराचं पाणी

दोन हजार एकोणीस सालचा जानेवारी होता. वटारला रिटाच्या घरी त्या महिन्यात दोन गोष्टी ठरल्या होत्या. रविवारी तिच्या मुलाचं, कॅल्विनचं लग्न. आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळपर्यंत, बॉस्कोने घर सोडायचं.

बॉस्को म्हणजे घरातला कुत्रा. पांढरा, लांब केसांचा, तेव्हा दहा वर्षांचा. आणला त्या दिवशी रिटाच्या नवऱ्याच्या, फ्रान्सिसच्या टोपीत मावला होता. फ्रान्सिसच्या ऑफिसात कोणाकडे तरी पिल्लं झाली होती. त्यातलं एक घेऊन तो आला आणि दारातच म्हणाला, "रिटा, ह्याचं सगळं मी करीन. खाणं, फिरवणं, आंघोळ. तुला बोटसुद्धा लावावं लागणार नाही." दोन शनिवार त्याने आंघोळ घातली. तिसऱ्या शनिवारी त्याची कंबर धरली, आणि त्या एका कामापुरती ती कायमचीच धरलेली राहिली.

नाव कॅल्विनने ठेवलं. फ्रान्सिसची थोरली बहीण इनास, जिला अख्खी आळी बाय म्हणायची, तिने ते ऐकून कपाळाला हात लावला. "संताचं नाव कुत्र्याला? उद्या कोंबड्याला बिशपचं ठेवा." तेव्हापासून तिने ते नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. ती त्याला नुसतं 'तो' म्हणायची.

रिटा त्र्याऐंशी साली सून होऊन वटारला आली तेव्हा कुत्र्याला आंघोळ घालायची असते हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पावसात भिजेल तीच त्याची आंघोळ. न्हाऊमाखू घालायचे ते बैलांना. तिचे सासरे दिवस कलला की बैलजोडी बावखलात उतरवायचे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. नारळाच्या सोडणाने ते बैलांची पाठ घासायचे, शिंगांच्या मुळाशी बोटं फिरवायचे, आणि बैल डोळे मिटून उभे राहायचे. नवी सून असलेली रिटा केळीच्या आडून ते बघत राहायची. पुढे बैल गेले, सासरे गेले, निम्मं बावखल बुजवून तिथे कोणाकोणाच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. घासण्याचं काम तेवढं फिरून रिटाच्या वाट्याला आलं.

शाळेत शिकवत होती तोवर शनिवारी तिची सकाळची शाळा असायची. दुपारी घरी आली की पदर खोचून थेट मागच्या दारी. निवृत्त झाली तरी शनिवार काही सुटला नाही. आधी केस विंचरायचे, कारण गुंता ओला झाला की त्याचा नमदा होतो आणि मग कात्रीच लावावी लागते. कानांमागे, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला गुंते व्हायचे. तिथे खोबरेल लावून एकेक बट बोटांनी सोडवायची. कानांत कापूस घालायचा. कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी निववून ठेवायचं. मग त्याला कपडे धुवायच्या दगडावर उभं करायचं, दोन गुडघ्यांत धरायचं आणि रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, म्हणायला घ्यायची.

ही युक्ती तिची तिनेच शोधली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेला बॉस्को लहानपणापासून घरच्यांबरोबर बसत आलेला. 'नमो मारिया' सुरू झालं की जागचं हलायचं नसतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्या दहा नमो मारियांत अंग भिजवून व्हायचं, दुसऱ्या दहांत शॅम्पू चोळून, तिसऱ्या दहांत तो मुरायचा आणि रिटा कमरेवर हात ठेवून जरा सरळ उभी राहायची. उरलेल्या दोन दहांत धुणं. शेवटची क्रूसाची खूण करेस्तोवर तो उभा.

बायने एकदा हे बघितलं. "रिटा, ही रोझरी कोनासाठी चाललीय?"

"शुद्धिस्थानात पापं धुवायला थांबलेल्या आत्म्यांसाठी, बाय."

 बाय पुटपुटत आत गेली.

तर त्या बॉस्कोला घालवायचं हे ठरलं बोळिंजला, नताशाच्या घरी सगळे चहाला बसले असताना. नताशा म्हणजे होणारी सून. मुलगी लाघवी, कामाला अंधेरीला जाणारी. तिची आई ज्युली बँकेत अधिकारी होती, आणि बोलणं एकदम मुद्द्याचं. "आमच्या नताशाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात," ती म्हणाली. "डोळे सुजतात तिचे. आणि खरं सांगते, विहीणबाई, मलाही त्या वासाने कसंतरी होतं."

"डोन्ट वरी, आंटी," कॅल्विन म्हणाला. "शनिवारपर्यंत तो गेलेला असेल. फुलपाड्याला माझा मित्र आहे, रिचर्ड. त्याचं मंडपाच्या सामानाचं गोदाम आहे, त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे."

फ्रान्सिस खिडकीबाहेर बघत राहिला. रिटा म्हणाली, "चहा छान झालाय हं," आणि कप खाली ठेवला.

परत येताना रिक्षात तिच्या मनात आलं, जाईना का. साठी उलटली, गुडघे दगडाशी बसू देत नाहीत, बसले तर उठू देत नाहीत. लग्नाचं घर, पाहुणे, पापड, वडे, पडदे, नव्या सुनेची खोली. एक ओझं कमी झालं तर कोणाला नको होतं? पण रात्री अंग टेकलं तेव्हा तिला ते गोदाम दिसायला लागलं. लोखंडी साखळी, दिवसभर धूळ. तीन दिवसांत कानांमागे गुंता होईल, आठवड्यात काखेत, महिन्याभरात सगळ्या अंगाची घोंगडी, आणि खाली कातडी सडत जाईल. तिथे खोबरेलात बोटं बुडवून बसणारं कोण होतं? दहा वर्षांचा कुत्रा. दुसऱ्याच्या हातचं खाईल की नाही तेही माहीत नाही. हे घालवणं म्हणजे मारणंच, फक्त आपल्या डोळ्यांआड.

सकाळी तिने कॅल्विनला गाठलं. "विहीणबाई शनिवारी नताशाची ट्रंक पोचवायला येतील ना? मी बॉस्कोला त्यांच्यासमोर उभा करते. त्यांच्या हाताला एक केस लागला, नाकाला वास आला, तर रिचर्डच्या टेंपोत मी स्वतः चढवीन त्याला. नाहीतर तो राहील."

"ममी, लग्नाच्या गडबडीत तुला हे कुठून सुचतं?"

"हो का नाही ते सांग."

"ओके. पण एक केस म्हणजे एक केस, हां."

शुक्रवारी अख्खी दुपार तिने त्याच्यावर घालवली. थंडीत ह्या जातीची आतली लव दाट होते. ती बारीक फणीने उपसायला लागली तशी पांढऱ्या लवेचे पुंजके अंगणभर उडायला लागले, मंडपवाल्यांच्या डोक्यांवर जाऊन बसायला लागले. केळीची पानं पुसत बसलेल्या बायका हसत होत्या. "रिटा, परवा नवरा कोन उभा करायचा, हा का कॅल्विन?" एकीने विचारलं. "ह्याचं पोट तरी आत आहे," दुसरी म्हणाली. रिटा हसली, पण हात थांबवला नाही. पंजांमधले केस कातरले, नखं कापली, आंघोळ घातली, पंख्याखाली वाळवला. संध्याकाळी तो कापसाच्या ढिगासारखा दिसत होता आणि तिला आपला उजवा खांदा आहे की नाही ते कळत नव्हतं.

शनिवारी ऊन कललं तेव्हा उंबराचं पाणी आणायला बायका निघाल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचं, विहिरीला विडा वाहायचा, तांब्याच्या हंड्यात पाणी भरून त्यात उंबराची पानं सोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यामुलाने त्या पाण्याने न्हायचं आणि मग चर्चला जायचं. बाय सगळ्यांत पुढे, लाल लुगडं, केसांत वेणी, वय पंचाहत्तर आणि चाल पंचविशीची. हंडा घरातलाच, फ्रान्सिसच्या लग्नातला. त्यानंतर माळ्यावर पडून होता. पाणी आलं, न्हाणीत ठेवलं, वर थाळी झाकली. विहिरीवर पोरं वाकून बघायला लागली म्हणून फळ्या टाकून ती बंद केली.

बायका चहाला बसल्या. रिटाही टेकली. आणि बॉस्को मागच्या दारातून सुटला.

आचाऱ्याने केळीच्या मागे खड्डा खणून घेतला होता. सकाळपासूनची कोळंबीची सालं, माशांची आतडी, सगळं त्यात. बॉस्कोने त्या खड्ड्यात अंग टाकलं, एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, आणि पाठीवर पडून चारही पाय आभाळाकडे. रिटा पोचली तेव्हा तो उठून शेपटी हलवत होता. पांढरा कुठेच राहिला नव्हता.

"अरे देवा," ती म्हणाली. रागावण्याइतकंसुद्धा बळ तिच्यात नव्हतं. अर्ध्या तासात ज्युली येणार होती.

तिने त्याला मानेला धरून न्हाणीत नेलं, नळ सोडला. नळाने एकदा खाकरून घेतलं आणि गप्प झाला. मंडपाच्या दिव्यांनी फ्यूज उडाला होता, पंप बंद, आणि वरची टाकी आचाऱ्याने भांडी धुऊन रिकामी केलेली. विहिरीवरच्या फळ्या ओढायला एकटीचा जोर पुरणार नव्हता आणि कोणाला हाक मारावी तर सगळ्यांसमोर ही शोभा. कोपऱ्यात थाळी झाकलेला हंडा. त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. शेजारी झाकणाचा निळा टब होता. झाकण किलकिलं करून हात घातला, तर पाणी. देवानेच ठेवलं असं वाटून तिने त्याला गुडघ्यांत धरलं आणि नमो मारिया सुरू केलं.

बाहेर बँडवाल्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं होतं. न्हाणीत उजेड बेताचाच. शॅम्पू दोनदा लावला, तिसऱ्यांदा नुसतं पाणी. टब निम्मा झाला. शेवटचा तांब्या तिने त्याच्या पाठीवर ओतला तेव्हा पाण्याबरोबर काहीतरी आलं आणि मणक्यावर चिकटून बसलं. तिने उचलायला हात नेला.

उंबराचं पान होतं.

ती ते पान बघत असतानाच दारात बाय उभी राहिली. वासावरून आली होती. तिने कुत्र्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. "कोनतं पानी घेतलंस?"

"टबातलं. हंड्याला मी हात नाही लावला, बाय. शपथ."

बायने थाळी उचलली. हंडा कोरडा ठाक.

फ्रान्सिसला बोलावणं गेलं. तो आला, दारात थबकला, आणि काय झालंय ते त्याला लगेच कळलं. "गळत होता," तो म्हणाला. "खाली ओहोळ आला. म्हटलं, सगळं वाया जाईल. म्हणून ओतलं टबात."

"आनि सांगितलंस कोनाला?"

"सांगणारच होतो, बाय. तेवढ्यात कोणीतरी खुर्च्या कमी पडल्या म्हणालं."

"पन्नास वर्षं झाली, तू सांगनारच आहेस," बाय म्हणाली.

एवढ्यात अंगणात गलका झाला. बोळिंजची गाडी आली होती. ट्रंक उतरली, बायकांनी ओळखीपाळखी केल्या, आणि ज्युली घर बघत बघत मागच्या दारापर्यंत आलीच. बरोबर कॅल्विन. त्यांच्या मागून रिचर्ड, कमी पडलेल्या खुर्च्या टाकून आलेला, हातात साखळी.

बॉस्को न्हाणीतून बाहेर आला आणि त्याने अंग झाडलं. ज्युलीच्या मोतिया रंगाच्या साडीवर खालपासून वरपर्यंत शिंतोडे उडाले. शॅम्पूचा वास होता, आणि शॅम्पूच्या खालून कोळंबीचाही.

"हा अजून इथेच?" ज्युली म्हणाली.

कॅल्विनने आईकडे पाहिलं. ओली साडी, कपाळावर फेस, हात कोपरापर्यंत लाल. त्याचा आवाज खाली आला. "ममी, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," रिटा म्हणाली. तिला आता वाद घालायचा नव्हता. तिला बसायचं होतं. "थोडा वाळू दे. ओला नेऊ नका त्याला, कानांत पाणी राहतं. आणि रिचर्ड, कानांमागे रोज..." 

रिचर्ड साखळी घेऊन पुढे झाला.

"थांब रे," बाय म्हणाली. "साखळी खाली ठेव."

सगळे थांबले. बायने कुत्र्याच्या पाठीवरचं पान उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. "उंबराचं पानी ज्याच्या अंगावर पडलं, त्याला लग्नानंतरचा पाहुनचार होईस्तोवर घराच्या हद्दीबाहेर काढायचं नाय. फक्त चर्चला जायला सूट. नवरा असो, नायतर कोनी असो."

"मावशी, पण हे कुत्र्याला कसं लागू होईल?" ज्युलीने विचारलं.

"पानी विचारतं काय, मी कोनावर पडलं म्हनून?"

"आत्या, असा नियम मी कधी ऐकला नाही," कॅल्विन म्हणाला.

"तू किती लग्नं केलीस?"

रिचर्डला हसू आवरेना. कॅल्विनचे कान लाल झाले. ज्युलीने साडीचे शिंतोडे रुमालाने टिपले. बँकेतला कुठलाही कागद तिने एका नजरेत पास-नापास केला असता. पण उंबराचं पाणी तिच्या अधिकारात बसत नव्हतं, आणि लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते मोडायची जबाबदारी घ्यायला तिचं मन धजेना. "पाहुणचार कधी?" तिने विचारलं.

"बुधवारी."

"मग बुधवारपर्यंत," ती म्हणाली. "त्यानंतर मात्र..."

"त्यानंतरचं त्यानंतर," बाय म्हणाली. "चहा घ्या चला."

सगळे गेल्यावर रिटा दगडावर बसली. छत्तीस वर्षांत ह्या घरात, ह्या आळीत तिने किती उंबराची पाणी पाहिली होती. हा नियम कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. बायला कुत्र्याची कीव आली, की नवऱ्याचं पाणी कुत्र्यावर गेलं ही गोष्ट गावभर होण्याआधी तिने त्याचा रिवाजच करून टाकला, हे तिला उमगेना.

"बाय, हे खरंच असतं का..."

"तू आधी त्याला पुस. थंडी भरेल," बाय म्हणाली. मग टबात डोकावली. "निम्मं हाय. तुझ्या पोराला पुरेल एवढं नाय. पहाटे आपन दोघी जाऊ विहिरीवर, कळशी घेऊन."

"आणि बँड?"

"देवाला काय बँड ऐकूनच पानी चालतं?"

पहाटे दोघी गेल्या, फळ्या सारल्या, पाणी आणलं. कॅल्विन दोन वेळच्या पाण्याने न्हाला आणि त्याला ते कधी कळलं नाही. लग्न नीट पार पडलं. चर्चमधली मिस्सा लांबली, वडे पुरले, फ्रान्सिसने तीन वेळा तेच भाषण केलं.

नताशा घरात आली ती शिंकतच. सोमवारी नाक लाल, मंगळवारी डोळे सुजलेले. मंगळवारी दुपारी रिटा मागच्या दारी बॉस्कोला विंचरायला बसली, तर नताशा नाकाला रुमाल लावून दूर पायरीवर येऊन टेकली. 

"हे रोज करता तुम्ही, ममी?"

"शनिवारी मोठं. रोज थोडं थोडं."

"आणि तिकडे, रिचर्डकडे, कोण करणार?"

रिटाने उत्तर दिलं नाही. फणीतले केस काढून पिशवीत टाकले. आपण उत्तर दिलं नाही म्हणजे दिलंच, हे तिला समजत होतं. पण खोटं बोलायचाही तिला कंटाळा आला होता.

बुधवारी पाहुणचार आटोपल्यावर रिचर्डचा फोन आला. कॅल्विनने बायकोकडे पाहिलं. नताशा दोनदा शिंकली. "नको पाठवू," ती म्हणाली. "उंबराच्या पाण्याने त्याची आंघोळ तुझ्या आधी झालीय. तो सीनियर आहे. आपल्या खोलीत येऊ द्यायचा नाही, बस. मी गोळी घेईन."

कॅल्विनने फोनवर रिचर्डला नाही म्हणून सांगितलं. रिटा स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं आणि पाण्याचा ग्लास भरून घेतला. आनंद झाला, पण तो अंगात उतरायला जागाच नव्हती. अजून किती शनिवार, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच मनात, असू देत.

बॉस्को पुढे साडेचार वर्षं जगला. शेवटच्या वर्षात त्याला दिसेनासं झालं होतं. दोन हजार तेवीसच्या पावसाळ्याअखेर तो गेला. चिकूखाली त्याला पुरला. बाय त्याच्या आधीच, दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये गेली. ते दिवस असे होते की तिच्या मयतीला दहा माणसंही जमली नाहीत, आणि त्या नियमाचं तिला विचारायचं राहून गेलं. रिचर्डने गोदामाची जागा विकली. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि तो मीरा रोडला असतो. ज्युली निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेली. तिचा बोळिंजचा फ्लॅट रिकामा झाला तसे कॅल्विन आणि नताशा तिथे राहायला गेले, स्टेशन जवळ पडतं म्हणून. त्यांना एक मुलगी आहे. ती मांजर मागते. फ्रान्सिसने सत्तरी ओलांडली, कंबर ठणठणीत.

रिटाचे दोन्ही गुडघे बदलून झाले. मध्ये कॅल्विनने फोनवर विचारलं होतं, "ममी, एक छोटं पिल्लू आणू का तुमच्यासाठी? सोबत होईल." फ्रान्सिस शेजारून म्हणाला, "आण, आण. ह्या वेळी सगळं मी करीन." रिटा म्हणाली, नको रे बाबा, आणि फोन ठेवून दिवसाउजेडी आडवी झाली.